आखाजीचा झोका दोन सेकंदांत मावत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओंवर लेख आला आणि तेव्हापासून वाचकांची पत्रे येतच आहेत. कोणाला गाण्यांतले शब्द खटकले, कोणाला आपली बोली पुण्या-मुंबईच्या वरातीत वाजते याचा आनंद झाला. दोघांचेही म्हणणे मन लावून वाचले. पण ही सगळी चर्चा कानाने ऐकलेल्या गाण्याची आहे. डोळ्यांनी पाहिलेल्या गाण्याबद्दल कोणीच काही लिहिले नाही. मी बावीस वर्षांपासून अमळनेर, पारोळा, चोपडा या भागात लग्नाचे शूटिंग करतो आणि गेली काही वर्षे गाण्यांचे व्हिडिओही करतो. त्या कामात माझ्याच हातून जे झाले ते सांगायचे आहे.

तीन वर्षांपूर्वी एका निर्मात्यासाठी आखाजीचे, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेचे, गाणे केले. चाल जुनी, झोक्यावर बसून बायकांनी म्हणायची. त्याला कीबोर्ड आणि ढोलाचे नवे संगीत. आमच्या गल्लीतल्या निंबाला झोका बांधला, पंधरा-सोळा बाया-पोरी जमवल्या, दोन दिवस शूटिंग चालले. व्हिडिओ तयार झाल्यावर सगळ्यांत आधी मोठ्या मायला मोबाइलवर दाखवला. तिने चष्मा पुसून दोनदा पाहिला आणि म्हणाली, "पोर झकास शे भाऊ, पन माले झोका काही दिसना नही. आनि इतल्या बाया व्हत्यात, त्या कोठे गयात?"

मला आधी राग आला. झोका तर दर दोन-तीन शॉटमागे होता. रात्री एडिटिंगला बसलो, टायमलाइन उघडली आणि मोजायला लागलो. गाण्याचा ठेका मिनिटाला १२० बीटचा, म्हणजे एक बीट अर्ध्या सेकंदाची, चार बीटचा एक बार दोन सेकंदांचा. गाण्याच्या व्हिडिओत कट बीटवर मारायचा हा आमचा पहिला धडा. आधी ऑडिओवर दर बारच्या पहिल्या बीटला मार्कर, म्हणजे खूण, टाकायची आणि मग प्रत्येक मार्करवर चित्र बदलायचे. चार मिनिटांच्या गाण्याचे असे १२० तुकडे होतात. आता निंबाचा झोका घ्या. दोर साधारण चार मीटरचा असला तर एक हेलकावा, म्हणजे जाऊन परत येणे, चार सेकंदांचे होते. कोणी कितीही जोराने लोटले तरी त्यात फारसा फरक पडत नाही, कारण तो वेळ ठरतो दोराच्या लांबीवर. माझा शॉट दोन सेकंदांचा. संपूर्ण व्हिडिओत झोका नुसता जात होता, एकदाही परत येत नव्हता. मोठी माय बरोबर बोलली होती.

तिचा दुसरा प्रश्न जास्त जड होता. बाया कोठे गेल्या?

त्या तीन ठिकाणी गेल्या. पहिले म्हणजे लेन्स. ८५ मिलिमीटरची लेन्स १.८ वर, म्हणजे जवळजवळ पूर्ण, उघडली की समोरचा चेहरा कोरल्यासारखा स्वच्छ येतो आणि मागचे सगळे विरघळते. हे दिसायला सुंदर असते, मीही त्याच्या प्रेमात होतो. पण मागे जे विरघळले ते काही झाडझुडूप नव्हते, ती आमच्या गल्लीतली माणसे होती. पडद्यावर त्यांचे हिरवे-लाल ठिपके उरले.

दुसरे, स्लो मोशन. हे कसे करतात ते बऱ्याच वाचकांना माहीत नसेल. कॅमेरा सेकंदाला पन्नास फ्रेमवर ठेवतात आणि सेटवर स्पीकरवर गाणे दुप्पट वेगाने वाजवतात. त्या वेगाला ओठ हलवायचे. नंतर ते पंचवीस फ्रेमवर आणले की चित्र निम्म्या वेगाने चालते. ओठ मूळ गाण्याशी जुळतात, पण ओढणी, केस, पाणी सगळे हवेत तरंगल्यासारखे दिसते. गाणे १२० चे असेल तर तोंड २४० ला चालवावे लागते. शहरातून आणलेल्या डान्सर मुलीला ते जमले, तिचे ते रोजचे काम आहे. आमच्या गल्लीतल्या बायांना जमेना. ज्यांना हे गाणे लहानपणापासून पाठ, ज्या गाणे सुरू झाले की विचार न करता दुसरी ओळ उचलतात, त्यांचेच ओठ चुकत होते. मी त्यांना मागच्या रांगेत उभे केले आणि म्हणालो, तुम्ही फक्त टाळ्या वाजवा. आखाजीच्या गाण्यात त्या बायांना फक्त टाळ्या वाजवायला सांगणारा माणूस मी होतो.

तिसरे म्हणजे उभी चौकट. रीलसाठी आडव्या चित्रातून उभे चित्र काढताना रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश भाग राहतो. तेवढ्यात एक माणूस मावतो. फुगडी खेळायला मात्र दोघी लागतात.

एकाच चेहऱ्याला चिकटून राहायची ही रीत आली कुठून? माझी पुतणी जळगावला पत्रकारिता शिकते, तिच्या अभ्यासात हा विषय आहे. तिच्याकडून कळले की अँड्र्यू गुडविन नावाच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये म्युझिक व्हिडिओंच्या रूढींवर पुस्तक लिहिले, आणि गायकाच्या चेहऱ्याचे भरपूर क्लोजअप हवेत ही रेकॉर्ड कंपनीची मागणी त्याने त्या रूढींमध्ये धरली. साहजिक आहे. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाले तेव्हा व्हिडिओ ही रेकॉर्डची जाहिरात होती. चेहरा ओळखीचा झाला की रेकॉर्ड खपते. आपल्याकडची गोष्ट मात्र वेगळी. १९३५ च्या 'धूपछाँव'पासून हिंदी सिनेमात गाणारा एक आणि ओठ हलवणारा दुसरा ही सोय झाली. आम्ही तिकडून क्लोजअप उचलला आणि इकडून प्लेबॅक. मग स्टुडिओत गाणारी बाई वेगळी, पडद्यावरची पोर वेगळी, आणि क्लोजअप मात्र १२० तुकड्यांतल्या निम्म्यांत. कोणाचा चेहरा खपवतो आहोत आपण? जे गायक स्वतः पडद्यावर येतात त्यांच्या गाण्याला हा नियम शोभतो, माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही.

आपले जुने गाणे एकटीचे नाहीच. आखाजीला माहेरी आलेल्या पोरी गौराईपुढे जमतात, घागर भरलेली असते, घराघरांत सांजोऱ्या तळलेल्या असतात, पुरुष पारावर पत्ते खेळत असतात आणि झोक्याभोवती एक घोळका ओळ टाकतो, दुसरा उचलतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसली की रात्रभर जागरणात बाया अशाच आळीपाळीने गातात, सोमवारी विसर्जनापर्यंत आवाज बसलेले असतात. त्यात नायिका कोण, असे विचारले तर घरातल्या बाया हसतील.

आणि इथे मला शब्दांवर नाराज असलेल्या वाचकांना काही सांगायचे आहे. हळदीच्या गाण्यांत विहिणीची थट्टा असते, ती कधी कधी बरीच झणझणीत असते. तीस बाया मिळून ती एका विहिणीला म्हणतात, आणि विहिणीकडच्या बाया त्याच चालीवर परतफेड करतात, तेव्हा तिथे बसलेल्या सासूबाईसुद्धा पदरात तोंड लपवून हसतात. तीच ओळ घ्या. तीस बाया काढून टाका. एका तरुण मुलीच्या तोंडी द्या, समोर गॉगलवाला मुलगा उभा करा, कॅमेरा कंबरेच्या उंचीला ठेवा आणि ठेका वाजला की झूम मारा. शब्द एकही बदललेला नाही, पण आता कोण कोणाला काय म्हणते आहे ते बदलले. माझ्या कामावरून सांगतो, ज्या गाण्यांना आपण सरसकट अश्लील म्हणतो त्यांतल्या कितीतरी गाण्यांना तो वास कॅमेऱ्याने लावलेला असतो. पटत नसेल तर असा एखादा व्हिडिओ आवाज बंद करून पाहा आणि चौकटीत माणसे किती आहेत तेवढे मोजा.

शब्द आणि चित्र यांचे नातेही आम्ही फार सोपे करून टाकले आहे. गाण्यात पैंजण आले की पैंजण दाखवायचे, विहीर आली की विहीर. गाण्यात वैशाख आहे, पारा ४४ ला टेकलेला असतो, नदीची वाळू तापलेली असते, आणि आम्ही पोरीला रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत नाहीतर पावसाळ्यात तोरणमाळला नेतो, कारण हिरवे दिसले पाहिजे. उरलेली काळी जमीन ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर चित्राचे रंग बदलताना, निळी होते. माहेरची ओढ त्या तापलेल्या अंगणातच आहे, सावलीला एक निंब आहे म्हणून तर झोका तिथे आहे.

मी तंत्राच्या विरोधात नाही, माझे पोट त्यावर आहे. ड्रोनच घ्या. आज प्रत्येक गाण्यात तो पुलावरून उडतो आणि परत येतो. पण बाया फेर धरून गात असताना तो बरोबर वर नेऊन स्थिर ठेवला तर लुगड्यांचे रंगीत रिंगण फिरताना जे दिसते ते जमिनीवरून कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. स्लो मोशन ओठांवर नको, हातांवर ठेवा. घागर उचलणारे हात, टाळीआधीचे हात. कट बीटवर मारण्याऐवजी ओळ संपल्यावर, गाणाऱ्या बाया श्वास घेतात तिथे मारून पाहा. एक घोळका थांबला आणि दुसऱ्याने ओळ उचलली, तिथे कॅमेरा वळला तर त्या वळण्यालाच काही अर्थ येतो.

खान्देशात आज हाताशी मोबाइल, तो हलू न देणारा गिंबल आणि एडिटिंगचे ॲप असलेली शेकडो मुले आहेत. त्यांच्यात कसब खूप आहे, मी त्यांच्याकडूनच शिकतो. धुळे, नंदुरबार, जळगावच्या महाविद्यालयांनी अशा मुलांना आणि गावातल्या गाणाऱ्या बायांना दोन दिवस एकत्र बसवावे, एवढी माझी मागणी आहे. आपल्या पुरवणीने त्यात पुढाकार घेतला तर आनंद होईल. माझा कॅमेरा आणि मी विनामोबदला येऊ.

येत्या आखाजीला ते गाणे मी पुन्हा शूट करणार आहे, या वेळी माझ्या खर्चाने. कॅमेरा समोरच्या ओट्यावर राहील, साधी रुंद लेन्स, गाणे जागेवरच रेकॉर्ड होईल, आणि झोका परत येईपर्यंत कट नाही. बाया गोळा करायचे मोठ्या मायने अंगावर घेतले आहे. तिची एकच अट आहे, "दोर मातर नवा लई येजो."

आपला,
एक शूटिंगवाला वाचक
ता. अमळनेर, जि. जळगाव