‘बंद करा’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत स्टिरॉइडच्या दुष्परिणामांवर आलेला लेख वाचला. तोंड सुजणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, मोतीबिंदू, सगळे बरोबर आहे. यातले बरेचसे मी घरात पाहिले आहे. पण ‘स्टिरॉइडच्या गोळ्या अचानक बंद करू नका’ हे एक वाक्य त्या लेखात हवे होते आणि ते नव्हते, म्हणून हे पत्र.

माझे यजमान एसटीत वाहक होते. उभ्याने नोकरी झाली, त्यामुळे निवृत्तीच्या आधीच गुडघे बोलायला लागले. कुणीतरी शेजारच्या तालुक्यातल्या एका माणसाचा पत्ता दिला. तो कागदाच्या पुड्यांत भुकटी बांधून द्यायचा. ‘पूर्ण आयुर्वेदिक, काही अपाय नाही.’ तिसऱ्या दिवशी हे जिना धरल्याशिवाय उतरले. मला तर देव पावल्यासारखे वाटले.

मग चेहरा भरला. हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, “वहिनी, भाऊजींना रिटायरमेंट मानवली हो!” मीही हसायचे. गाल गोल आणि लाल, पोट सुटलेले, मानेमागे गोळा, हातापायांच्या मात्र काड्या. दाराची कडी नुसती लागली तरी कातडीवर काळानिळा डाग. रात्री दोनला उठून भांडी लावत बसायचे, आणि ती माझी फडताळातली मांडणी! साखर निघाली तेव्हाही आम्ही वयाला दोष दिला. त्या पुड्या दोन वर्षे चालल्या.

एके दिवशी पुतण्याने मोबाइलवर मजकूर पाठवला. असल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळतात, ताबडतोब बंद करा. आम्ही घाबरलो आणि उरलेल्या पुड्या त्याच संध्याकाळी मोरीत ओतल्या. शहाणपणाचे काम केले असे वाटले.

चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. उठवले की घेरी. जिल्ह्याच्या गावी नेईपर्यंत वरचा रक्तदाब ऐंशीवर आला होता. डॉक्टरांनी विचारले, काय औषध चालू होते? मी म्हटले, आयुर्वेदिक. त्यांनी एकदा चेहऱ्याकडे, एकदा दंडाकडे पाहिले आणि सलाइनबरोबर हायड्रोकॉर्टिसोन लावले, तेही स्टिरॉइडच. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी चहा मागितला. ज्याला विष समजून मोरीत टाकले, त्याच्याच जातीच्या औषधाने माणूस उठून बसला.

डॉक्टरांनी नंतर नीट समजावले. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे घरचे स्टिरॉइड, तयार करतात; प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळीच्या हिशेबात साधारण ५ मिलिग्रॅमच्या आसपास. ताप, अपघात, ऑपरेशन अशा वेळी जास्त करतात. बाहेरून आयते मिळू लागले की त्या काम थांबवतात. तीन-चार आठवड्यांहून जास्त दिवस गोळ्या घेतल्या तर ही शक्यता धरायची. मग औषध एकदम तोडले की शरीराजवळ ना बाहेरचे, ना घरचे. म्हणून मात्रा पायरीपायरीने उतरवायची, आणि ग्रंथींना जागे व्हायला कित्येक महिने लागू शकतात. यांचे नऊ महिने झाले. अजून अडीच मिलिग्रॅम चालू आहे, सकाळी न्याहारीनंतर.

आपला लेख वाचून माझ्या बहिणीच्या सुनेने मुलाचा दम्याचा पंप बंद केला. त्यातही स्टिरॉइड असते, पण ते मायक्रोग्रॅममध्ये असते आणि थेट फुप्फुसात जाते. गोळीशी त्याची बरोबरी होत नाही. पंप ओढल्यावर चूळ भरली नाही तर तोंडात बुरशी येते, ती काळजी घ्यायची. पंप बंद केल्यावर दोन आठवड्यांत पोराला रात्रीची धाप लागली. मी फोनवर जरा जास्तच बोलले तिला, पण चूक तिची एकटीची नव्हती.

याच औषधाची दोन्ही रूपे आपण करोनात पाहिली. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी केले; ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. तरी २०२१ मध्ये ते घरोघरी, साखर न तपासता घेतले गेले आणि म्युकरमायकोसिसने, म्हणजे त्या काळ्या बुरशीने, आपल्या राज्यात किती जणांचे डोळे नि जबडे गेले! गजकर्णावर आणि गोरेपणासाठी चोळायच्या ट्यूबांचेही तेच. २०१८ मध्ये सरकारने १४ स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. आमच्या पेठेत आजही नुसते नाव सांगितले की ट्यूब हातात पडते.

भेसळीच्या पुड्यांवर अन्न व औषध प्रशासनाने धाडी घालाव्यात, हे तर आहेच. पण डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचे काय? स्ट्रिपवर ‘चिठ्ठीशिवाय घेऊ नये’ अशा अर्थाची लाल रेघ असते आणि सूचना इंग्रजीत, तीही मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. ब्रिटनमध्ये २०२० पासून अशा रुग्णांना खिशात ठेवायचे कार्ड देतात. आपल्याकडे मराठीत तसे कार्ड छापायला किती खर्च येईल? तोवर आपण पुरवणीत एक चौकट छापावी, लोक कापून घेतील. मजकूर शोधायला नको. यांच्या एसटीच्या जुन्या पासाच्या पाकिटात मी डॉक्टरांना विचारून लिहिलेली चिठ्ठी आहे, तीच देते:

“मी रोज स्टिरॉइडची गोळी घेतो. ती अचानक बंद करू नये. उलट्या होत असतील किंवा मी बेशुद्ध असेन, तर ताबडतोब दवाखान्यात न्या आणि हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन लागेल हे डॉक्टरांना सांगा.”

आपली नियमित वाचक,
(नाव छापू नये ही विनंती)
जि. सातारा