भेदऱ्याचं बी

नागपूर, तान्हा पोळा

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद. मारबतीची मिरवणूक पाहून आलो, गर्दीत एक चप्पल गेली, आणि आता तुझा डबा भरायला बसलोय. चिवड्यात एक कागदी पुडी आहे, मसाला समजून वरणात टाकशील! आजीच्या भेदऱ्याचं, म्हणजे आपल्या गावठी टमाटरचं, बी आहे ते.

तू म्हणालीस, तिकडचे टमाटर दिसायला लालभडक, पण चटणीला आंबटपणाच नाही. नसणारच. ते ट्रकमध्ये टिकावं म्हणून जाड सालीचं केलेलं फळ. आपलं भेदरं परसातून ओट्यावर आणेस्तोवर फुटतं.

बी पाव इंचाहून खोल घालू नको. आठवडाभरात दोन गुळगुळीत पानं निघतील, ती मोजायची नाहीत. कातरलेली चार पानं आली की रोप मोठ्या कुंडीत हलव. तेव्हा खालची पानं खुडून अर्धं खोड मातीत गाड. भिऊ नको, भेदऱ्याच्या खोडालाही मुळं फुटतात. आत्ता टाकलंस तर मार्गशीर्षात फळ. उशीर केलास तर माझ्यासारखं होईल: एका वर्षी फेब्रुवारीत रोपं लावली, एप्रिलात पारा चाळिशीपार गेला, फुलं सगळी गळाली. झाड मात्र हिरवंगार, आईला दाखवायला.

आता मुख्य काम. सगळ्यात चांगल्या झाडाचं एक फळ खायचं नाही, पार मऊ होऊ द्यायचं. मग गर वाटीत पिळून थोडं पाणी घालायचं आणि दोन-तीन दिवस तसाच ठेवायचा. वर पांढरी साय येते, वास सुटतो. मागे तुझ्या आईनं अशीच वाटी नासली म्हणून मोरीत ओतली होती. आठ दिवस मी बोललो नाही. बियांभोवतीचा तो चिकट बुळबुळीतपणा बी रुजू देत नाही, तो आंबला की सुटतो. मग धुवायचं, तळाशी बसलेलं बी ठेवायचं, सावलीत स्टीलच्या ताटलीत वाळवायचं. कागदावर नको, चिकटतं. आजी राखेत घोळून चिंधीत बांधायची.

बाजारातल्या संकरित टमाटरचं बी मात्र धरू नको. मी धरलं होतं, चार झाडांना चार तऱ्हेची फळं, एकही मूळच्यासारखं नाही.

डबा स्टीलचा आहे, आईनं मोजून ठेवलाय. दिवाळीला येताना आण.

तुझा,
बाबा