शोभेच्या माशांच्या दुकानांत माहितीच्या पाट्या हव्यात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

चवथीच्या आधी घराला रंग काढला की गोव्यातील बऱ्याच घरांत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेची टाकी येते, तिच्यात रंगीबेरंगी मासे सोडले जातात, आणि दिवाळीपर्यंत त्यांतील निम्म्या टाक्या रिकाम्या होऊन मागच्या व्हरांड्यात जातात. पुढे त्यांत कोणी छत्र्या ठेवतो, कोणी जुनी वर्तमानपत्रे. दोष सहसा माशांच्या नाजूकपणावर किंवा आपल्या नशिबावर टाकला जातो. माझ्या मते तो एकमेकांशी आणि आपल्या पाण्याशी न जुळणारे मासे एकाच टाकीत भरण्याचा आहे, आणि विकत घेतानाच योग्य माहिती मिळाली तर तो बऱ्याच अंशी टाळता येईल. एवढ्याचसाठी हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी नातवाच्या हट्टामुळे मी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी आणली. दुकानदार अगत्याचा माणूस होता. नातू बोट दाखवी तो मासा पिशवीत पडत होता, आणि मी विचारले तेव्हा ‘सगळे एकत्र चालतात, काका’ असे उत्तर मिळाले. अशा रीतीने चार गोल्डफिश, दोन एंजल, सहा निऑन टेट्रा, तीन टायगर बार्ब, टाकी साफ ठेवील म्हणून एक सकर आणि नातवाला नावच आवडले म्हणून दोन ‘शार्क’ असे अठरा जीव त्याच संध्याकाळी घरी आले. टाकी काठोकाठ भरली तर छप्पन्न लिटर पाणी मावते. तळाची खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता पंचेचाळीस लिटरच उरते.

दुसऱ्या आठवड्यात गोल्डफिश गेले. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया विषारी असतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये आणि खडीत स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी दिसायला स्वच्छ असली तरी राहायला योग्य नसते, आणि तेवढ्या काळात एकदोन काटक मासेच ठेवायचे असतात. तीस वर्षे मी हेच नत्रचक्र फळ्यावर काढून मुलांकडून पाठ करून घेतले. ते माझ्याच दिवाणखान्यात चालायला हवे, हे मात्र मला सुचले नाही. पुढे टायगर बार्बनी एंजलचे लांब पर कुरतडून त्यांच्या झिरमिळ्या केल्या. त्यांतून सावरलेल्या एंजलनी मोठे होताच रात्रीच्या वेळी निऑन गिळायला सुरुवात केली. सकाळी मोजले तर सहाचे चार, चाराचे एक. निळे मासे कुठे गेले, या नातवाच्या प्रश्नाला मी दोन दिवस खोटे उत्तर दिले.

यांपैकी एकही मासा वाईट नव्हता. टायगर बार्ब हा सुमात्रा आणि बोर्निओकडचा चपळ, कळपात राहणारा मासा. आठ-दहांच्या कळपात तो आपली भांडणे आपसांत भागवतो. तीनच असले तर शेजाऱ्याच्या परांवर येतो, आणि संथ पोहणाऱ्या, लांब परांच्या एंजल, गुरामी किंवा गप्पीबरोबर तर तो कळपानेही ठेवू नये. एंजल ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. त्याच नद्यांत तो निऑनसारखे लहान मासे खाऊन जगतो. तो काचेपलीकडे येऊन शाकाहारी होईल, ही अपेक्षाच चुकीची. तोंडात मावेल तो मासा सोबती नसून खाद्य असतो, एवढे जरी ध्यानात ठेवले तरी निम्मे अपघात टळतील.

दुकानातल्या माशाच्या आकारावर विश्वास ठेवणे ही आपली सर्वांत महागडी चूक. तेथे सगळेच मासे बोटाएवढे असतात, कारण ते पिल्लू असतात. माझ्याकडचा ‘शार्क’ हा शार्क नसून आग्नेय आशियातील मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला पंगास आहे आणि पूर्ण वाढीला तो एक मीटरच्याही पुढे जातो. आपल्या हॉटेलांत ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो बहुतेक वेळा हाच मासा असतो. म्हणजे ज्याचे काप आपण रवा लावून तळतो, तोच दोन फुटांच्या टाकीत शोभेसाठी विकला जातो. सकर फूट-दीड फुटाचा होतो, शेवाळ खातो त्याहून अधिक घाण करतो, आणि मोठेपणी संथ गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर खरवडू लागतो. ऑस्करही फूटभर वाढतो. रेडटेल कॅटफिशची तर गोष्टच नको. त्याला टाकी नव्हे, तळेच लागते.

गोव्यातील वाचकांनी याहून अधिक लक्ष द्यावे ते पाण्याकडे. याबद्दल बाहेरगावी छापलेली माहिती येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. आपली जमीन जांभ्या दगडाची, पाऊस दांडगा. त्यामुळे किनाऱ्यापासून आत असलेल्या आपल्या विहिरींचे पाणी साधारणपणे मऊ, कमी क्षाराचे आणि किंचित आम्लधर्मी असते. मॉली आणि गप्पी हे जड, क्षारयुक्त पाण्यात सुखी असणारे मासे. आपल्या पाण्यात मॉली जागच्या जागी थरथरत राहते आणि पर मिटून घेते, तेव्हा आपण तिला औषध घालतो. तिला औषध नव्हे, चुना हवा असतो. तिसऱ्यांच्या शिंपल्या स्वच्छ धुऊन, उकळून फिल्टरमध्ये ठेवल्या तर त्यांतील कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू विरघळून पाणी थोडे जड होते. मोठी दुकाने याच कामासाठी प्रवाळाची वाळू विकतात, आपल्याकडे शिंपल्या परसात पडलेल्या असतात. मात्र त्याच टाकीत मऊ पाण्याचे टेट्रा ठेवायचे असतील तर शिंपल्या घालता येत नाहीत. म्हणजे गप्पी-मॉलीची टाकी वेगळी आणि टेट्राची वेगळी, हा निर्णय दुकानात जाण्यापूर्वीच करावा लागतो. नळाचे पाणी वापरणाऱ्यांनी ते क्लोरीन जाण्यासाठी एक दिवस उघड्या बादलीत ठेवावे किंवा क्लोरीन मारणारे थेंब घालावेत, कारण क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना आणि त्या उपयोगी जिवाणूंनाही मारते.

उष्णतेचेही तसेच. गोल्डफिश मूळचा चीनचा, थंड पाण्याचा. अठरा ते तेवीस अंशांत तो खुलतो. एप्रिल-मेमध्ये आपल्या घरातील टाकीचे पाणी सहज तीस अंशांवर जाते. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच. म्हणजे माशाची गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. त्यात पावसाळ्याच्या तोंडावर वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर सकाळी काय दिसते ते अनेकांना ठाऊक असेल. गोल्डफिश आणि उष्ण पाण्याचे एंजल हे एकत्र नांदूच शकत नाहीत. एकाला जे तापमान सुखाचे, ते दुसऱ्याला जाचाचे.

येथे थोडे विषयांतर करून वास्तुशास्त्राच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या आठ सोनेरी आणि एक काळा या नऊ गोल्डफिशबद्दल लिहितो. श्रद्धेविषयी मला वाद घालायचा नाही. फुगीर जातीच्या एका गोल्डफिशला वाढीच्या वेळी साधारण चाळीस लिटर पाणी हवे असे धरले, तर नऊ माशांना साडेतीनशे लिटरच्या आसपास, म्हणजे चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी लागते. ती भरल्यावर पाण्याचेच वजन साडेतीनशे किलो होते. ज्यांना हे नऊ हवे असतील त्यांनी आधी तशी टाकी आणि तिला पेलणारे टेबल करून घ्यावे. दर महिन्याला मेलेला मासा बदलून नऊचा आकडा पुरा करण्यात कसले मांगल्य आहे, हे मला कळत नाही.

आपल्या मऊ, उबदार पाण्याला साजेसे मासे थोडे नाहीत. माझी टाकी महिनाभर रिकामी चालवल्यानंतर मी आठ हार्लेक्विन रासबोरा, हनी गुरामीची एक जोडी आणि तळाशी सहा कुहली लोच असे टप्प्याटप्प्याने, तीन आठवड्यांच्या अंतराने घातले. रासबोरा मधल्या थरात एकत्र फिरतात, गुरामी वर असतात, आणि लोच दिवसा खडीत लपून रात्री बाहेर येतात, त्यामुळे कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. हनी गुरामी तर भारत आणि बांगलादेशातलाच. श्वासासाठी तो पृष्ठभागावरची हवाही घेतो, म्हणून वीज गेली तरी तग धरतो. लाल-निळी चमक हवी असणाऱ्यांनी निऑनऐवजी कार्डिनल टेट्रा घ्यावा, तो जास्त उष्णता सोसतो. फायटरचे दोन नर एका टाकीत ठेवू नयेत, हे बहुतेकांना माहीत आहे. गप्पी घ्यायचे तर एका नराला दोन-तीन माद्या, आणि त्यांची पिल्ले महिन्या-महिन्याला वाढत जातील हे धरून. फ्लॉवरहॉर्न हा मलेशियात तयार केलेला संकरित मासा एकटाच ठेवावा, किंवा ठेवूच नये.

आणखी एक गोष्ट गंभीर आहे. टाकीत न मावणारा मासा लोक मारत नाहीत, जवळच्या तळ्यात किंवा ओहोळात सोडतात, आणि ते पुण्याचे काम समजतात. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया आज देशभरच्या पाणवठ्यांत पसरला आहे. सकर अनेक राज्यांतील नद्या-तलावांत जाळी फाडतो. २०२३ साली श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार हा अमेरिकेतला शिकारी मासा सापडला. आपल्याकडे पहिल्या पावसात शेतांच्या पाटांतून चढणीचे मासे वर येतात, खाडीकाठच्या खाजन जमिनीच्या मानशींपाशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांपाशी, काळुंदर हा मासा मिळतो. सह्याद्रीच्या ओहोळांत तर जगात इतरत्र न आढळणारे कितीतरी लहान मासे आहेत. खांडेपार नदीत सोडलेला एखादा पंगास त्यांतले काय काय खाईल, याचा हिशेब कोणी ठेवणार नाही. मासा सोडण्यापेक्षा दुकानाला परत द्यावा, आणि दुकानांनी तो परत घ्यावा.

म्हणून माझी विनंती राज्याच्या मत्स्योद्योग खात्याला आहे. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून शोभेच्या माशांच्या संवर्धनाला सर्वसाधारण गटासाठी चाळीस टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी साठ टक्के साहाय्य मिळते. हा व्यवसाय वाढावा, हे चांगलेच आहे. त्याबरोबर प्रत्येक दुकानातील प्रत्येक टाकीवर मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत चार ओळींची पाटी असावी: माशाची पूर्ण वाढ किती, पाणी मऊ हवे की जड, तापमान किती आणि किमान टाकी केवढी. जुन्या गोव्यातील केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेत या विषयाचे जाणकार आहेत. पन्नास-साठ प्रचलित जातींचा तक्ता त्यांच्या मदतीने एकदा करून दुकानांना छापून देणे फार खर्चाचे काम नाही.

अशा पाट्यांनी विक्री घटेल, असे एका ओळखीच्या विक्रेत्याने मला सांगितले. पहिल्या महिन्यात कदाचित घटेलही. पण ज्याचे अठराचे अठरा मासे मरतात तो गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. ज्याचे आठ मासे जगतात तो खाद्य, फिल्टर, वनस्पती आणि पुढे दुसरी टाकी घ्यायला येतो. मी स्वतः गेल्या वर्षभरात चार वेळा गेलो आहे. माझे ते दोन ‘शार्क’ मात्र अजून आहेत. उसन्या आणलेल्या चार फुटांच्या टाकीत ते आता प्रत्येकी फूटभराचे झाले आहेत आणि वळताना त्यांचे नाक काचेला लागते. आणलेल्या दुकानाने ते परत घ्यायला नकार दिला आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक, फोंडा