पॉलिमरची शाखा घेताय? आधी प्रयोगशाळा पाहून या

महोदय,

एमएचटी-सीईटीचे गुण हाती आले की नागपुरात घरोघरी कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) पसंतीक्रमाची जुळवाजुळव सुरू होते. पॉलिमर किंवा प्लास्टिक अभियांत्रिकीकडे वळणारी मुले गेल्या वर्षीचा कटऑफ पाहून यादी लावतात. या शाखेत तेवढ्याने भागत नाही. शिवाय पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचीच जागा मिळाली तर ती आपोआप गोठते, म्हणजे पुढच्या फेरीत बदलता येत नाही, म्हणून वरचे नाव चौकशी करूनच लिहावे.

नावे सारखी वाटली तरी अभ्यासक्रमांचा रोख वेगळा असतो. आपल्याकडची १९४२ची लक्ष्मीनारायण संस्था (२०२३पासून विद्यापीठ) आणि माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) यांच्या अभ्यासाचा पाया रसायनशास्त्राचा आहे. ज्याला साचे आणि यंत्रे यांतच रस आहे, त्याने सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक तंत्रज्ञान संस्थेचा विचार जरूर करावा. तिचे केंद्र चंद्रपूरलाही आहे. तिथे दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करता येते आणि पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाचा मार्ग खुला राहतो.

कॉलेज पाहायला गेलात तर इंजेक्शन मोल्डिंग यंत्र (वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू बनवणारे) चालू करून दाखवायला सांगा. गेल्या सत्रात किती किलो दाणा (प्लास्टिकचा कच्चा माल) वापरला, हेही विचारा. यंत्र आहे पण दाणा विकत घेतला जात नाही, अशा ठिकाणी शॉर्ट शॉट (साचा अपुरा भरणे), फ्लॅश (कडेने जादा प्लास्टिक येणे), सिंक मार्क (पृष्ठभागावर खळगा पडणे) हे दोष फळ्यावरच शिकावे लागतात. मेल्ट फ्लो इंडेक्सचे, म्हणजे वितळलेले प्लास्टिक किती सहज वाहते ते मोजणारे, उपकरण हवेच. पॉलिप्रॉपिलीनची चाचणी २३० अंश सेल्सिअस आणि २.१६ किलो वजनावर होते. नवा दाणा आणि दोन-तीनदा दळून वापरलेला दाणा यांचे आकडे ज्याने स्वतः काढले, त्याला पॉलिमरच्या रेणूंच्या साखळ्या तुटून इंडेक्स कसा वाढतो आणि पुनर्वापराला मर्यादा का पडते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

ड्रायरचीही चौकशी करा. ती बहुतेक जण विसरतात. पेटचा (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकचा) दाणा १६० ते १७० अंशांवर चार ते सहा तास सुकवून ओल ०.००५ टक्क्यांच्या खाली आणावी लागते. तशी ती आली नाही तर वितळताना पाणी साखळ्या तोडते आणि बाटली कमकुवत निघते. नागपूरच्या जुलैच्या दमट हवेत साधा गरम हवेचा ओव्हन इथे कमी पडतो, ओल शोषणारा ड्रायरच लागतो. तो कॉलेजात दिसला, तर तिथे काम मनापासून चालते असे समजायला हरकत नाही.

शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप किती महिन्यांची, बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत मुले खरोखर जातात का, हे तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारावे.

प्रत्येक कॉलेजने चालू यंत्रांची यादी आणि वर्षभरात वापरलेला कच्चा माल यांची माहिती पसंतीअर्ज सुरू होण्याआधी आपल्या संकेतस्थळावर द्यावी, आणि सीईटी कक्षाने ती सक्तीची करावी, ही कळकळीची विनंती.

— प्लास्टिक प्रक्रिया क्षेत्रातील एक वाचक, नागपूर