बरणीतल्या पिल्लाचे श्रेय

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियाजवळच्या टॅस्मानिया बेटावरचा, आता नामशेष झालेला ‘टॅस्मानियन वाघ’ म्हणजेच थायलसीन परत येणार असल्याचा लेख आपण अर्धे पान देऊन छापलात आणि त्याच्या माथ्यावर आपल्याकडच्या पट्टेरी वाघाचे छायाचित्र लावलेत. थायलसीन हा मांजरांच्या कुळातला नव्हता. पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा, कुत्र्याच्या अंगलटीचा आणि पाठीवर पट्टे असलेला तो शिशुधान प्राणी होता. ज्या गोव्यात 2020 साली गोळावलीच्या रानात वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेलेले सापडले, तेथील वृत्तपत्राने तरी वाघाचे चित्र कोठे लावावे याचा विचार करायला हवा होता.

तथापि माझी खरी तक्रार चित्राची नाही. ‘उंदराच्या पोटी वाघ’ असे ठळक अक्षरांत लिहून आपल्या लेखकाने जे नवल म्हणून सांगितले, त्याचे उत्तर शिशुधान प्राण्यांच्या वाढीतच आहे आणि नेमके तेच लेखात नाही. थायलसीन पुन्हा घडवण्यासाठी ज्या डनार्टच्या पेशींवर मेलबर्न विद्यापीठात अँड्र्यू पास्क यांचा गट काम करतो, तो दिसायला उंदरासारखा असला तरी उंदीर नव्हे. थायलसीनच्याच गणातला तो जेमतेम 15 ग्रॅम वजनाचा कीटकभक्षी प्राणी आहे. त्याचा गर्भकाळ सुमारे 13 ते 14 दिवसांचा असतो आणि जन्मणारे पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढे असते. पुढचे दोन पाय व तोंड तेवढे तयार, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब, डोळे मिटलेले, अशा अवस्थेत ते स्वतः सरपटत पिशवीपर्यंत जाते आणि स्तनाग्राला चिकटते. लाल कांगारूसारख्या मोठ्या प्राण्याचे पिल्लूही जन्मतः एक ग्रॅमच्या आतच भरते. त्यामुळे आई लहान आणि बाळ मोठे ही अडचण जन्माच्या वेळी येत नाही, ती पुढे दुधाच्या वेळी येते. कारण या प्राण्यांत पिल्लाच्या वयाप्रमाणे दुधाचे घटक बदलत जातात. टॅमर वॉलबी या कांगारूसारख्या लहान प्राण्याचे लहान पिल्लू मोठ्या पिल्लाच्या आईकडे दिले तर ते लवकर वाढते, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. ही माहिती चार ओळींत मावली असती.

याच ज्ञानाचा उपयोग आज जिवंत असलेल्या प्राण्यांसाठी झालेला आहे. ॲडलेड प्राणिसंग्रहालयात दुर्मीळ ब्रश-टेल्ड रॉक वॉलबीची पिल्ले पिशवीतून काढून दुसऱ्या जातीच्या वॉलबीकडे दूध पिण्यास दिली गेली. पिल्लू गेले की मूळ आईच्या गर्भाशयात थांबून राहिलेला भ्रूण पुन्हा वाढू लागतो, त्यामुळे वर्षाला एकाऐवजी कितीतरी अधिक पिल्ले मिळतात. मला हे काम थायलसीन परत आणण्याहून मोठे वाटते; शिवाय, कितीही जनुके बदलली तरी डनार्टच्या पेशीपासून घडलेला प्राणी थायलसीनच म्हणावा का, हा प्रश्न उरतोच.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहावेसे वाटले ती सांगतो. थायलसीनचा संपूर्ण जनुकसंच 2017 साली प्रसिद्ध झाला, तो 1909 साली पिशवीतून काढून बरणीत मद्यार्कात ठेवलेल्या एका पिल्लाच्या पेशींवरून. ज्या टॅस्मानिया सरकारने 1888 पासून दोन हजारांहून अधिक थायलसीनांवर बक्षिसे दिली, त्याने शेवटचे बक्षीसही 1909 सालीच दिले. शेवटचा ज्ञात थायलसीन 7 सप्टेंबर 1936 रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला, आणि मेलबर्नच्या संग्रहालयातली ती बरणी मात्र राहिली. फॉर्मलीनमध्ये डीएनए खराब होतो, मद्यार्कात तो बराच टिकतो. पुढे 2018 साली जगभरच्या संग्रहांतील अशी पिल्ले क्ष-किरणांनी तपासली, तेव्हा त्यांतील दोन थायलसीनची नसल्याचेही उघड झाले, म्हणजे चिठ्ठीवर काय लिहिले आहे यालाही किती महत्त्व आहे ते पाहा. या बरणीचा आपल्या लेखात एका शब्दानेही उल्लेख नाही.

फोंडा तालुक्यातील ज्या उच्च माध्यमिक विद्यालयात मी जीवशास्त्र शिकवत असे, तेथेही अशी एक बरणी होती. अनमोड घाटात ट्रकखाली मेलेल्या पिसोरीच्या, म्हणजे हरणासारख्या छोट्या प्राण्याच्या, पोटातले पिल्लू आमच्या आधीच्या सरांनी त्या काळी रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये ठेवले होते. बोटभर लांबीचे, मिटलेल्या पापण्यांचे, पायांचे खूर नुकते उमटू लागलेले ते पिल्लू मी बावीस वर्षे विद्यार्थ्यांना दाखवले. झाकणाच्या कडेचे मेण काढून दर मे महिन्यात त्यात स्पिरिटची भर घालायची आणि पुन्हा मेण लावायचे, हे काम मी कोणाकडे सोपवले नाही. चिठ्ठीवर सरांच्या निळ्या शाईत ‘पिसोरी, गर्भ, अनमोड घाट, 14.8.1971’ असे लिहिलेले होते. मी निवृत्त झालो त्याच वर्षी प्रयोगशाळेचे नूतनीकरण झाले. वास येतो म्हणून सगळ्या बरण्या मोरीत ओतल्या गेल्या. काही महिन्यांनी विद्यालयात गेलो, तेव्हा ती बरणी स्वच्छ धुऊन शिक्षकांच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलेली होती आणि तिच्यात मनी प्लँट वाढत होता. काचेवर अर्धी चिठ्ठी अजून चिकटलेली होती. मी ती तेथेच सोडवून घेतली, कोणाशी बोललो नाही. त्या दिवशी बोलायला हवे होते असे आजही वाटते.

जाता जाता आणखी एक. लेखात ‘थैलीवाले जनावर’ असा शब्द चार वेळा आला आहे. गोव्यातली मुले आपले वृत्तपत्र मराठी शिकण्यासाठीही वाचतात, आणि ‘शिशुधान’ हा नेटका शब्द मराठीत आहे.

दुरुस्ती छापावी ही विनंती आहेच. त्यासोबत हेही छापावे की, ज्या शाळांत आणि महाविद्यालयांत जुन्या बरण्या असतील त्यांनी चिठ्ठ्या पुसू नयेत, स्पिरिट आटले असल्यास भरावे, आणि जागा नसेल तर बरण्या मोरीत ओतण्यापूर्वी आपल्या कार्यालयामार्फत मला निरोप द्यावा. मी स्वतः येऊन त्या घेऊन जाईन.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक,
फोंडा, गोवा