विषय : कंदिलांना विजेचे दिवे करून देताना झालेले धोकादायक वायरिंग

महोदय,

आजोबांच्या वेळचे दोन कंदील मी तुमच्याकडे विजेचे टांगते दिवे करून घ्यायला पाठवले होते. दिसायला ते झकास झाले आहेत, हे आधीच कबूल करतो. पण परवा त्यातल्या एकाला हात लावला आणि बोटांना झिणझिण्या आल्या. पत्र्याला टेस्टर लावला, तर टेस्टरचा दिवा लागला. मेन बंद करून कंदील उतरवला आणि उघडून पाहिला.

वरच्या टोपीला ड्रिलने भोक पाडून तुम्ही वायर आत घेतली आहे. भोकाची धार घासलेली नाही, धारेपासून वायर वाचवणारे रबरी कडे, म्हणजे बुशही नाही. कंदिलाला टांगायची चांगली भक्कम कडी आहे, ती नुसतीच लोंबते. सगळे वजन आतल्या गाठीवर, म्हणजे वायरवरच. वाऱ्याने कंदील हलला की पत्रा वायरला करवतीसारखा घासणार. तसेच झाले. आवरण चिरून आतली तांब्याची तार दिसते आहे.

शिवाय वायर दोनच तारांची. अर्थिंग का नाही, असे फोनवर विचारले तर उत्तर मिळाले, "एलईडी आहे, त्याला कशाला लागते?" बल्ब पाच वॅटचा असो की साठचा, होल्डरपर्यंत येणारा विजेचा दाब तोच असतो, हे दिव्याचे काम करणाऱ्यांना मी सांगायचे का?

बर्नर काढून टाकीचे तोंड बल्बच्या खालीच उघडे ठेवले आहे. टाकी हलवली तर आत रॉकेल खळखळते. आणि तो बर्नर परत आलेलाच नाही. वात वर-खाली करायची त्याची चकती फिरवायला मिळावी म्हणून आम्ही भावंडे भांडायचो. तुमच्या लेखी ते भंगार असेल.

दोन्ही कंदिलांना तीन तारांची वायर घालून अर्थिंगची तार पत्र्याला नट-बोल्टने पक्की करावी, भोकांना बुश बसवावे, वजन साखळीने कडीवर घ्यावे आणि टाक्या धुऊन, वाळवून द्याव्यात. खर्च तुमचा. नवे भोक एकही नको. दोन्ही बर्नर शोधून पाठवा. ते टाकून दिले असतील तर मला संपूर्ण रक्कम परत हवी.

दुसरा कंदील मी जोडलेलाच नाही. दोन्ही खोक्यात भरून ठेवले आहेत, न्यायला माणूस पाठवावा.

कळावे,
आपला ग्राहक