पोपडा उलटा करून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईत भिंती रंगवायला भरपूर उत्साह आहे आणि आता थोडाफार निधीही आहे. २०२२ च्या अखेरीस सुरू झालेल्या शहर सुशोभीकरणाच्या कामात भिंती हा एक ठळक भाग होता. त्याच्या आधीपासून वांद्र्याच्या गल्ल्या, रेल्वेच्या संरक्षक भिंती, उड्डाणपुलांचे खांब असं बरंच काही रंगलेलं आहे. वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएल इमारतीवर २०१४ साली झालेलं दादासाहेब फाळक्यांचं चित्र तर लांबूनही लोकांनी मान वर करून पाहिलं. तक्रार चित्रांबद्दल नाही, चित्राखाली काय आहे त्याबद्दल आहे. किती चौरस फूट रंगवलं याचे आकडे जाहीर होतात. दोन पावसाळ्यांनंतर त्यातलं किती उरलं, हे कोणी मोजत नाही.

रंग का उडाला हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. सुटलेला पोपडा नखाने काढा आणि उलटा करून बघा. मागच्या बाजूला पांढरी भुकटी दिसली आणि ती पाण्यात विरघळली, तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार. भिंत ओली आहे. मागे हिरवट-काळा थर असेल तर शेवाळ न मारताच वरून रंग दिलेला आहे. रंगाबरोबर सिमेंट-वाळूचे कण सुटून आले असतील तर गिलावाच भुसभुशीत आहे, रंगाऱ्याचा दोष नाही. आणि मागची बाजू साफ, गुळगुळीत, चकचकीत असेल तर खाली जुना ऑईल पेंट आहे, तो घासकागदाने न घासता त्यावर नवा हात मारलेला आहे. पाचवी तऱ्हा पोपड्याशिवायची: तळवा भिंतीवर घासला की रंग हाताला येतो. पाणी बेसुमार घालून रंग वाढवला की असं होतं. डब्यावर लिहिलेलं पाणी घातलं तर रंग पसरतो, त्याच्या दुप्पट घातलं तर रंगातला चिकटपणाच मरतो.

या सगळ्यांत लोणा हा समुद्राकाठच्या शहराचा खरा शत्रू. सिमेंटमध्ये, विटेत, न धुतलेल्या वाळूत आणि वाऱ्याबरोबर येणाऱ्या तुषारांत क्षार असतात. भिंतीत मुरलेलं पाणी ते क्षार घेऊन बाहेरच्या बाजूला येतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहून त्यांचे खडे बनतात. उघड्या भिंतीवर ते नुसते पांढरे दिसतात. रंगाचा थर असेल तर खडे त्याच्या मागे वाढतात आणि थर ढकलून पाडतात. त्यातून समुद्री मीठ हवेतली ओलही ओढून घेतं, म्हणून पाऊस थांबून महिना झाला तरी अशी भिंत दमटच राहते. लोणा आधी कोरड्या वायर ब्रशने झाडून काढायचा आणि ती भुकटी गोळा करून फेकायची. आपल्याकडे थेट पाण्याचा पाईप मारतात; मीठ विरघळून परत आत जातं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बाहेर येतं.

भिंत सुकली आहे की नाही, हे हाताने कळत नाही. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर २४ तास ठेवावा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब धरलेले दिसले किंवा खालची भिंत गडद झाली असेल, तर चित्राचा विषय बंद. ही चाचणी लांब भिंतीवर दर पन्नास फुटांना एक आणि प्रत्येक ठिकाणी वर-खाली अशी दोनदा करावी, कारण वरचा भाग कोरडा आणि खालचा ओला हे नेहमीचं आहे.

पाणी येतं कुठून? बहुतेक वेळा तीन ठिकाणांहून. वरून: भिंतीच्या माथ्यावरचं कोपिंग, म्हणजे वरचं झाकण, फुटलेलं किंवा सपाट असतं. त्याला उतार हवा, आणि पुढे आलेल्या काठाच्या पोटात बोटभर खाच हवी, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं, भिंतीवरून ओघळत नाही. चित्रांवर वरून खाली आलेले काळे ओघळ दिसतात ते या खाचेच्या अभावाचे. खालून: जमिनीची ओल आणि रस्त्यावरून उडणारं पाणी. म्हणून खालचे दोन फूट चित्र नकोच. तिथे घडीव दगड उघडा ठेवावा किंवा नुसता गडद राखाडी पट्टा द्यावा, जो दर वर्षी कोणीही रंगवू शकेल. (पानाच्या पिचकाऱ्यांची उंचीही साधारण तेवढीच असते, त्यामुळे एका दगडात दोन पक्षी.) आणि तिसरं पाणी मागून येतं. टेकडीच्या बाजूच्या भिंती, मलबार हिल असो की घाटकोपर, मागची माती अडवून उभ्या असतात. त्यांना पाणी निचरण्यासाठी भोकं ठेवलेली असतात. चित्रासाठी सलग पृष्ठभाग हवा म्हणून ती गिलाव्याने बुजवलेली अनेक ठिकाणी दिसतात. चित्र तर जातंच, पण पाण्याचा दाब भिंतीवर येतो, आणि तो प्रश्न मग चित्रकलेचा राहत नाही. भोकं उघडी ठेवून चित्र त्यांच्याभोवती रचायचं असतं. चांगला चित्रकार त्या भोकांचे डोळे करतो, खिडक्या करतो.

नवा गिलावा केला असेल तर पाणी मारून झाल्यावर किमान २८ दिवस थांबायला हवं. ताजं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं. त्यावर ऑईल पेंट लावला तर तेलाचा अक्षरशः साबण होतो, रंग चिकट राहतो आणि सुटतो. काही झगझगीत रंग तर जळून फिके पडतात. उद्घाटनाची तारीख ठरलेली असते म्हणून हे २८ दिवस सर्वांत आधी कापले जातात. दुसरी चूक पुट्टीची. व्हाईट सिमेंटची पुट्टी बाहेर चालते, पण पातळ, दीड मिलिमीटरपर्यंत. खड्डे पुट्टीने भरू नयेत, ते सिमेंट-वाळूनेच भरायचे. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) बाहेर अजिबात नको.

प्रमाण सांगतो, म्हणजे निविदेचे आकडे वाचता येतील. २०० फूट लांब, ८ फूट उंच भिंत घ्या. खालचे दोन फूट सोडले तर १,२०० चौरस फूट. बाहेरच्या कामाचा, अल्कली सोसणारा ॲक्रिलिक प्रायमर, म्हणजे अस्तराचा रंग, एका लिटरला सुमारे १०० चौरस फूट जातो: १२ लिटर. त्यावर एक्स्टीरियर इमल्शनचे दोन हात, लिटरला ५० चौरस फूट धरून २४ लिटर. चित्राचे रंग अंदाजे १० ते १२ लिटर. हे गिलावा केलेल्या सपाट भिंतीचं गणित. काळ्या दगडाच्या ओबडधोबड भिंतीला दीडपट धरा. हिशेबात याच्या निम्मा रंग दिसला, तर चित्र कितीही सुंदर असू दे, ते पुढच्या गणपतीपर्यंत टिकणार नाही.

रंग कोणते, हेही महत्त्वाचं. गेरू, पिवळी माती, काळा, पांढरा, लोहाचे तपकिरी हे उन्हाला खंबीर. गुलाबी, लिंबू-पिवळा आणि स्वस्त लाल सर्वांत आधी विटतात, विशेषतः पश्चिमेच्या उन्हात. गडद छटा हवी म्हणून पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर (छटा देणारा दाट रंग) ओतत राहणं हा तर सर्रास प्रकार आहे. लिटरला ३०-४० मिलिलिटरच्या पलीकडे गेलं की रंग नीट सुकत नाही आणि पहिल्या पावसात ओघळतो. गडद रंग तयार विकत घ्यावा. शेवटी 'संरक्षण' म्हणून चकचकीत क्लिअर कोट मारतात, तो दमट भिंतीवर मारू नये. आतली वाफ अडकते आणि चित्र फुग्यांसकट निघतं. पैसे असतील तर सिलिकेट रंग वापरावेत. ते भिंतीच्या खनिजांशीच जुळतात आणि भिंतीला श्वास घेऊ देतात. चुन्याच्या गिलाव्याच्या जुन्या वास्तूंवर मात्र ना सिमेंट, ना ॲक्रिलिक; तिथे चुनाच.

मुंबईला हे नवं नाही. १९२० च्या दशकात ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख असताना जे.जे. कलाशाळेत भित्तिचित्रांचा वर्ग चालायचा आणि इथल्या विद्यार्थ्यांनी नवी दिल्लीच्या सचिवालयात चित्रं केली. फोर्टातल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवरची १९३० च्या दशकातली शिल्पकार पानसऱ्यांची उठावशिल्पं आजही जागेवर आहेत. ही माणसं चित्र आणि भिंत यांना दोन वेगळी कंत्राटं मानत नव्हती. पुढे २००९ च्या ऑगस्टमध्ये तुळशी पाईप रोडची रेल्वेकडेची भिंत शेकडो हौशी हातांनी रंगवली, आणि सामान्य माणसालाही भिंत आपली वाटू शकते हे या शहराला दिसलं. त्या उपक्रमाचं मोल मोठंच आहे. पण ऑगस्ट हा भिंतीचा महिना नव्हे. २०१७ साली ससून डॉकमधलं कलाप्रदर्शन नोव्हेंबर-डिसेंबरात झालं. बाहेरच्या कामाला पाऊस सरल्यानंतरचे असे कोरडे दिवसच बरे.

आणखी एक खटकणारी गोष्ट, अक्षरांची. भिंतीवरच्या मराठी ओळी संगणकावरून स्टेन्सिल कापून उतरवतात. फाँट बदलताना जोडाक्षरं तुटतात आणि तशीच रंगवली जातात. पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा असा शासनाचा २००९ चा निर्णय आहे. शासनाच्याच भिंतींवर हिंदी वळणाची अक्षरं असतात. आकाराचा आमचा ठोकताळा असा: दर दहा फूट अंतराला अक्षराचं अंग, म्हणजे शिरोरेषेपासून खाली, एक इंच. साठ फुटांवरून वाचायचं असेल तर सहा इंच, आणि वरच्या वेलांट्या-रफार, खालचे उकार यांना मिळून आणखी तेवढीच जागा. ही जागा न सोडल्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात.

आता पैशांचं. सध्या बहुतेक कामं 'प्रति चौरस फूट' एकाच दराने निघतात. त्या दरात परांची, साफसफाई, प्रायमर, रंग, चित्रकार, सगळं आलं. सर्वांत कमी बोलीवाल्याला काम मिळालं की वाचवायला दोनच जागा उरतात: अस्तर आणि चित्रकाराचं मानधन. मग कुणीतरी इंटरनेटवरचा डॉल्फिन उतरवतो. कोळीवाडे, कांदळवनं, गिरण्या, चाळी असलेल्या शहरात इतके डॉल्फिन कशाला, हा प्रश्न चित्रकाराला विचारून उपयोग नाही. त्याला संकल्पचित्रासाठी वेगळा पैसा आणि वेळ कोणी दिलेलाच नसतो.

आमची मागणी अशी. निविदेत तीन बाबी वेगळ्या लिहाव्यात: भिंतीची आणि पाण्याची दुरुस्ती, अस्तर, आणि चित्र. पहिल्या दोन बाबतीत कमी दराची स्पर्धा होऊ द्या. चित्रकाराचं मानधन मात्र आधीच निश्चित करून जाहीर करा आणि निवड संकल्पचित्रावरून करा. महापालिकेच्या विभाग कार्यालयातल्या परिरक्षण (देखभाल) अभियंत्याने प्लास्टिकच्या चाचणीचे फोटो तारखेसह नोंदवल्याशिवाय चित्राला हात लावू देऊ नये. कोपऱ्यात चित्रकाराचं नाव, वर्ष आणि वापरलेल्या रंगांचे क्रमांक लिहावेत, म्हणजे डागडुजी करणाऱ्याला छटा शोधत बसावं लागणार नाही. डागडुजीसाठी दर वर्षी थोडी रक्कम बाजूला हवी. कोळी बांधव १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या ओढून घेतात, खरवडतात, रंगवतात. खाऱ्या हवेतल्या कुठल्याही रंगकामाला एवढी देखभाल लागतेच.

चित्र काढून टाकायचं किंवा त्यावर रंग मारायचा असेल तर चित्रकाराला आधी लेखी कळवावं. ही नुसती सौजन्याची बाब नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ साली उतरवलं गेलं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ खाली दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली अवशेष परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश केंद्र सरकारला दिला. विकत घेतलेल्या कलाकृतीची वाटेल तशी मोडतोड करता येत नाही, हे त्यातून प्रत्येक विभाग कार्यालयाने समजून घ्यावं.

वेळापत्रक सोपं आहे. निविदा ऑगस्टमध्ये. पाऊस ऑक्टोबरच्या पूर्वार्धात ओसरला की लगेच कोपिंग, निचरा, गिलावा. मग भिंत सुकू द्यायची, डिसेंबरात चाचणी, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी चित्र; सकाळी दव उडाल्यावर, दहाच्या सुमारास सुरुवात, आणि पश्चिमेची भिंत दुपारी उन्हात तापण्याआधी पुरी. मार्चअखेर निधी संपवण्यासाठी किंवा मे महिन्यात पाहणी येणार म्हणून काढलेली कामं सरळ पुढच्या हंगामावर टाकावीत. आणि अस्तराच्या बिलातले २० टक्के पुढच्या १५ ऑक्टोबरपर्यंत रोखून ठेवावेत. त्या दिवशी अभियंत्याने भिंतीवर तळवा घासून बघावा. हाताला रंग लागला नाही, पोपडे सुटले नाहीत, की उरलेले पैसे त्याच आठवड्यात द्यावेत.

आपले,
भित्तिचित्रांचं काम करणारे काही चित्रकार व रंगारी,
मुंबई